गायरान मशीनमधे अडकलं तेव्हा

तुम्ही कधी परतूरवरून आष्टीला येष्टीनं आलात का? आला असाल तर आष्टीच्या अलीकडं उजव्या हाताला जो माळ लागतो, एकच मोठा लिंब आन् बाकी सगळी ज्वारी, तो तुम्ही पाह्यला का, का खिडकीला डोकं टेकून झोपून गेल्ता? उगाच विचारून न्हाई राह्यले मी. शेवटी परत विचारणार हाय, तव्हा जवाब द्यावा लागंल. आता नुसतं ध्यानात ठेवा.

माझं नाव सुमन. बाप किसन, आता न्हाई तो. एक्याऐंशी साली बापानं त्या माळावर पहिल्यांदा कुदळ नेली, मी सात-आठ वर्षांची असंन. माळ म्हणजे सरकारी गायरान, नुसता धोंडा, गाईला बी तिथं खायला काही नव्हतं. बापानं आन् मायनं दोन उन्हाळे धोंडे वेचले, त्याच धोंड्यांचा बांध घातला, पहिल्या वर्षी हुलगा पेरला, तिसऱ्या वर्षी ज्वारी आली. आमचं बघून बाकीचे आले, गावात ज्यांच्या नावावर वावराचा एक तुकडा न्हाई असे, सदतीस घरांची वस्ती झाली. लिंबाखाली बापानं हातानं आड खांदला. तव्हा येष्ट्या जुन्या, चढाला इंजन तापायचं, डायव्हर गाडी बराबर आमच्या लिंबाखाली थांबवायचा, उतारू खाली उतरायचे, माय तांब्या घेऊन सगळ्यांना पाणी द्यायची. हुरड्याच्या दिवसात कोणी कणसाकडं बघितलं की बाप म्हणायचा, घ्या की, सरकारच्या जमिनीतलं हाय, तुमचं बी हाय थोडं.

मंग नोटिसा आल्या. कोतवालानं एकेकाच्या हातात दिल्या. मास्तरांनी वाचून दाखवली, तुम्ही किसन अमुक तमुक, गट नंबर अमुक या गायरानात ज्वारी पेरून अतिक्रमण केले आहे, जागा खाली करावी. सरकारनं चोर म्हणलं, लेखी म्हणलं. आन् बापानं तो कागद देवाच्या फोटोमागं ठेवला. माय म्हणली, शिवीचा कागद कामून जपून राह्यला? बाप म्हणला, शिवी का असंना, नाव तर माझंच लिवलंय, पीक बी लिवलंय. अंगठाछाप माणूस, पण वकिलाला जे सुचलं नसतं ते त्याला कळलं होतं. बाकीच्या छत्तीस घरांनी बी त्याचं बघून कागद ठेवले, कोणी पेटीत, कोणी आढ्याला.

मी धावी झाले, परतूरला टायपिंग शिकले. लग्न झालं, नवरा ट्रकवर होता, तीन वर्षांत अपघातात गेला, मी मायपाशी परत आले. आष्टीत पारसशेठचं कापडाचं दुकान, राजस्थानातली माणसं पण तीन पिढ्या इथंच. शेठनं दुकानाच्या ओट्यावर मला टाइपरायटर मांडू दिला. अर्ज, दाखले, प्रतिज्ञापत्रं. तुम्ही आता माझं लिहून घ्यायला आलात ना, तुमच्यासारख्या पत्रकवाल्यांची पत्रकं बी लई टाइप केली मी, कसेल त्याची जमीन, मोठ्या अक्षरात, खाली दोन रेघा. रेघा मारताना मला वाटायचं, हे बराबर हाय, पण कसतो हे दाखवायचं कशानं? पुढं शेठनं नवीन कॉम्प्युटर घेतला आन् जुना माझ्याकडं सरकवला. ले जा बाई, म्हणला, हमारे काम का न्हाई, अन् तुझ्या त्या खडखडीनं माझं गिऱ्हाईक पळून राह्यलं.

मंग सरकारचा हुकूम निघाला, की ठरलेल्या सालाच्या आधीपासून जे गायरान कसतात, त्यांनी पुरावा द्यावा, त्यांच्या नावावर करू. पुरावा काय? तर त्याच नोटिसा! ज्या कागदानं आम्हाला चोर ठरवलं तोच आमचा सातबारा व्हायला निघाला. मी सदतीस नोटिसा गोळा केल्या, कापसासारख्या झाल्त्या, एकेक स्कॅनरच्या काचेवर ठेवून मशीनमधे उतरवली, आन् असल कागद तालुक्याच्या कचेरीत दिले, कारण तिथला बाबू म्हणला, असलच पाहिजे. शिक्का मारून घेतला. आन् काय सांगू तुम्हाला, दीड वर्षानं कळलं की फाइल सापडत न्हाई. वर गेल्ती, खाली आल्ती, मधीच कुठं राह्यली. नवीन साहेब आल्ते, माणूस बरा, ते म्हणले, दसऱ्यानंतरच्या सोमवारी सुनावणी ठेवतो, तुमच्याकडं नकला असतील तर आणा, त्यावर आमचा जावक नंबर हाय, मी जुन्या रजिस्टराला लावून बघतो. मी सगळ्यांसमोर छाती काढून म्हणलं, मशीनमधे हाय साहेब, सदतीसच्या सदतीस मशीनमधे हाय.

दुसरी प्रत नव्हती. हे मी स्वतःच्या तोंडानं सांगून राह्यले, लिहा तुम्ही. जालन्याची रुबिनाआपा, माझ्यासंगं टायपिंगला होती, आता तिची कॉम्प्युटरची क्लास हाय, तिनं दहादा सांगितल्तं, सुमन, दोन जागी ठेव. मी म्हणलं, ठेवीन. लोकांचे कागद ठेवायची अक्कल माझ्या अंगठाछाप बापाला होती, मला न्हाई झाली.

आता खंडेनवमीचं ऐका. त्या दिवशी आपण हत्याराची पूजा करतो, कोणी विळा मांडतं, कोणी नांगर, मी मशीन मांडलं. माय मुद्दाम वस्तीवरून आल्ती, आपलं रान ह्याच्यात हाय म्हणून. मी तिला दाखवायला बटण दाबलं तर सीडी ठेवायचा ट्रे बाहेर आला. मायला वाटलं, मशीननं हात पुढं केला. तिनं त्या हातावर हळद-कुंकू वाह्यलं, अक्षता ठेवल्या, वर सुपारी, आन् मी हसत होते, हसत होते मी, तेवढ्यात ट्रे आत गेला. कर्रर्र आवाज. सुपारी निघाली, तांदूळ आन् कुंकू आतच राह्यलं. म्हणलं, असू दे, सीडीचं काय अडलंय. आन् त्याच टायमाला लाईट गेली. मशीन चालू, आत काही तरी लिहीत होतं, आन् लाईट गेली.

लाईट आली तव्हा पडदा काळा. वर पांढरी एक ओळ, की चालू व्हायची फाइल सापडत न्हाई. दहा वेळा बंद-चालू केलं, तीच ओळ. कचेरीत बी हेच, मशीनमधे बी हेच, फाइल सापडत न्हाई! दसऱ्याला समदं बंद. शनिवारी सकाळी परतूरच्या एका दुकानदाराला फोन केला, तो म्हणला, सीडी टाकून सिस्टिम नव्यानं भरा. म्हणलं, सीडीत तांदूळ गेलेत. तो हसायला लागला, म्हणला, मंग इथं आणा, फॉरमॅट मारून देतो. आन् आतलं? आतलं जातंय की बाई, नवंकोरं व्हतंय. नवंकोरं! सदतीस घरांचं पुसून नवंकोरं. मी फोन ठेवून दिला.

त्याच शनिवारी येष्टीनं जालन्याला गेले. रुबिनाआपानं सगळं ऐकून घेतलं, मशीन कामून न्हाई आणलं म्हणून आधी शिव्या दिल्या, मंग म्हणली, रोती कायको है, डिस्क मेली न्हाई, नुसती उठून न्हाई राह्यली. तिनं एक लाल पेन ड्राइव्ह घेतला, त्याच्यात लिनक्स नावाची दुसरी सिस्टिम भरली. म्हणली, नुसती फाइल उतरवून चालत न्हाई, पेन ड्राइव्हला स्वतःहून उठायचं बी शिकवावं लागतंय, ते मी केलंय. मशीन ह्याच्यावरून उठंल, तुझ्या आतल्या डिस्कला हात लावणार न्हाई. किल्ली हरवली तर खिडकीतून जाऊन सामान काढतो ना, बिलकुल तसं. फकत एक, इन्स्टॉल लिहिलेलं दाबू नको, मर गई तो भी मत दाबना, दाबलं की डिस्कवरचं समदं गेलं. संगं एक काळा पेन ड्राइव्ह दिला, नकला भरून आणायला. दोन्ही मी पदराच्या गाठीत बांधून आणले.

रविवार उजाडला. लाईट सकाळी आठ ते अकरा आन् दुपारी दोन ते पाच, ती बी मधीमधी झोके खाऊन. लाल पेन ड्राइव्ह लावला, मशीन चालू केलं, तर तीच काळी ओळ, जसं काही लावलंच न्हाई. रुबिनाला फोन. ती म्हणली, मशीनला माहीतच न्हाई कुठून उठायचं ते, चालू करताच डिलीटचं बटण दाबत राहा. निळा पडदा आला. त्यात क्रम लिहिलेला, आधी फ्लॉपी, मंग सीडी, मंग डिस्क. ती म्हणली, पहिल्या नंबरवर यूएसबी आण. यूएसबी तीन तऱ्हेचे निघाले, एक एचडीडी, एक झिप, एक फ्लॉपी. ती म्हणली, एकेक करून बघ, बदललं की जतन कर, मंग परत चालू कर. मी एचडीडी केलं, जतन केलं. न्हाई उठलं. पेन ड्राइव्हचा दिवा लागायचा आन् विझायचा. ती म्हणली, पुढच्या भोकाला ताकद पोचत न्हाई, मागच्या भोकात लाव. मी मशीन बंद केलं, मागं लावलं, चालू केलं, काळी ओळ. झिप केलं, बंद केलं, चालू केलं, काळी ओळ. फ्लॉपी केलं, तेच. तेवढ्यात अकरा वाजले, लाईट गेली.

अकरा ते दोन मी नुसती बसून होते. वस्तीवरची माणसं एकेक करून यायला लागली, ओट्याखाली उकिडवे बसले. एक म्हातारा म्हणला, सुमन, मशीनला फोडून काढता येत न्हाई का, पेटीसारखं? मला रडू आलं ते त्यानं. शेठच्या नव्या मशीनला माझी डिस्क जोडता येते का ते बी आपाला विचारून झालं, तर पट्टीच बसत न्हाई, त्याची नवी तऱ्हा, माझी जुनी. आन् माय कोपऱ्यात बसून एकच बोलत होती, म्या वाह्यलेलं तांदूळ आड आलं, म्या वाह्यलेलं तांदूळ आड आलं. मी तिच्यावर खेकसले. सांगून ठेवते, त्या दिवशी मी माझ्या मायवर खेकसले.

दोनला लाईट आली. निळा पडदा उघडला तर क्रम परत पहिल्यासारखा! आधी फ्लॉपी, मंग सीडी. मला वाटलं जतन करायची राह्यली असंल. परत केलं, जतन केलं, बंद करून परत बघितलं, परत पहिल्यासारखं. फोनवर मी ओरडायला लागले, आपा, ह्याला भूत लागलंय, मी सांगते आन् हे इसरून जातंय. रुबिना म्हणली, सुमन, कोपऱ्यात तारीख काय दिसती? मी बघितलं, दोन हजार दोन साल, जानेवारी एक. म्हणलं, ती तर कव्हापासून अशीच हाय, जुनं मशीन, जुनी तारीख, मी कागदावर हातानं टाकते. ती म्हणली, या अल्ला! आन् पेन ड्राइव्ह काढताना-लावताना तू काय करते? म्हणलं, भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करते, त्याबिगर मशीनला हात लावायचा न्हाई ही माझी पहिल्यापासूनची शिस्त हाय. ती म्हणली, मंग तूच पुसून राह्यली ना! आत रुपयाएवढा चपटा सेल असतो, तो मेलाय तुझा. बोर्डाची लाईट गेली की मशीनला कालचं काही याद राहत न्हाई, ना तारीख, ना क्रम.

काय सांगू तुम्हाला, पाच वर्षं ते मशीन मला रोज चुकीची तारीख दाखवून सांगून राह्यलं होतं, माझी याद गेली म्हणून, आन् मी रोज हातानं तारीख लिहून त्याचं तोंड बंद करत होते. म्हणलं, आता बोर्ड बंद करणार न्हाई. तर लगेच लाईटच गेली, पाच मिनिटांनी आली, क्रम गेला. परत केलं, परत गेली. साडेतीन वाजले होते, लाईट पाचपोत.

सेल आष्टीत कुठं मिळावा रविवारी? घड्याळवाल्याकडं बारके निघाले. तेवढ्यात शेठ वरून खाली आला, दुकान बंद होतं, धोतराचा सोगा खांद्यावर. सगळं ऐकलं आन् कुलूप काढलं, बारक्या पेचकसानं स्वतःचं नवं मशीन उघडायला बसला. भाभी वरून ओरडली, अहो, उद्या बिल कशावर करणार? शेठ म्हणला, अगं, माझी तारीख एक दिवस मागं गेली तर बाजार बुडत न्हाई. रुबिना फोनवरून सांगत होती, नखानं दाब, बाजूला उचल. सेल निघाला, चकचकीत. शेठनं माझ्या तळहातावर ठेवला आन् म्हणला, दसऱ्याला सोनं द्यायचं राह्यलं होतं, हे घे.

सेल बसवला, लिहिलेली बाजू वर. निळा पडदा, तारीख घातली, यूएसबी झिप पहिला केला, जतन केलं, पेन ड्राइव्ह मागच्या भोकात. चालू केलं. काळा पडदा, मी डोळे मिटले. म्हातारा म्हणला, अक्षरं पळून राह्यली बघ. खरंच, पांढरी अक्षरं भराभरा वर चढत होती. मंग विचारलं, इन्स्टॉल करायचं का नुसतं चालवून बघायचं. माझं बोट बटणावर असं अधांतरी. तीनदा वाचलं, बोट दुसऱ्या हातानं धरून खाली नेलं. चालवून बघायचं. दोन-तीन मिनिटांनी सगळा पडदा उजळला, अनोळखी, पण आतली डिस्क दिसली, डिस्कमधे माझ्या हातानं ठेवलेली फाइल, गायरान.

सदतीस उघडायला घेतल्या. एकोणतीस निघाल्या, काळ्या पेन ड्राइव्हमधे घेतल्या. आठ न्हाई निघाल्या. नाव दिसायचं, उघडलं की अर्धा कागद आन् पुढं करडा पट्टा. रुबिना म्हणली, डिस्कची तेवढी जागा खराब झाली, लाईट गेली तव्हा ते जे लिहीत होतं ना, तिथंच. पुढं जालन्याला डिस्क नेली तरी तेच निघालं. त्या आठात पहिलं नाव माझ्या बापाचं.

माय पडद्याकडं बघत होती, तिला वाचता येत न्हाई. म्हणली, आपलं निघालं का? मी म्हणलं, न्हाई. ती म्हणली, तांदळानं? मी तिचा हात धरून सांगितलं, तांदळानं न्हाई माय, तुझ्या तांदळानं फकत सीडी गेली, कागद माझ्या आळसानं गेला. तिनं माझ्या डोक्यावर हात फिरवला आन् म्हणली, एकोणतीस निघाले ना, त्यांचं तर व्हईल. ज्या बाईच्या नवऱ्यानं पहिला धोंडा उचलला ती हे म्हणली. तुमच्या पत्रकात लिहा हे.

सोमवारी साहेबांनी एकोणतीस नकला रजिस्टराला लावल्या, नंबर बराबर जुळले, त्यांचं पुढं गेलं. आठांचं विचारलं. म्हणलं, मशीननं दिलं न्हाई. ते म्हणले, बाई, तुमचं खरं असंल, पण मशीनचं नाव सांगून मला हुकूम लिहिता येत न्हाई. त्यांचीच नोटीस, त्यांच्याच रजिस्टराची पानं त्या आठांपाशी फाटलेली, आन् पुरावा आम्हीच आणायचा! मंग त्यांनीच वाट सांगितली. प्रत्येकी दोन साक्षीदार आणा, नात्यातले नको, वस्तीतले नको, बाहेरचे, ज्यांनी त्या ठरलेल्या सालाआधी उभं पीक डोळ्यांनी बघितलंय.

ह्याला आता दुसरं वर्ष हाय. आठांतल्या तिघांना साक्षीदार मिळाले. माझ्या बापाला एक मिळाला, येष्टीतले रिटायर कंडक्टर, स्वतः चालत आले, म्हणले, किसनबाबाच्या आडाचं पाणी मी शंभरदा प्यालोय. डायव्हर वारला. दुसरा साक्षीदार पाहिजे. माय आता लिंबाखालीच बसती, डोळ्याला कमी दिसतं, येष्टीचा आवाज आला की विचारती, कोण उतरलं? आताच्या गाड्या तापत न्हाईत, कोणी उतरत न्हाई. रानात ज्वारी हाय अजून, कोणाच्या नावावर न्हाई.

म्हणून परत विचारते. एक्याऐंशीनंतरच्या त्या वर्षांत तुम्ही, तुमच्या वडलांनी, मामानं, कोणी आष्टीच्या गाडीनं प्रवास केला असंल, चढाला इंजन तापलं असंल, लिंबाखाली एका बाईनं तांब्यातून पाणी दिलं असंल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा. आठवत असंल तेवढंच एका पानावर लिहा, साल कोणतं, निघाला कशाला होता, बांधापलीकडं काय पीक होतं. खोटं लिहू नका, आम्हाला उसना साक्षीदार नको. दोन प्रती काढा, एक तुमच्या घरी ठेवा. दुसरी घेऊन आष्टीच्या गाडीत बसा, कंडक्टरला सांगा लिंबाखाली थांबवायला, आन् उतरा.